चाळीस अंशांची व्याख्या आणि वारा

बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, हा प्रश्न नववीच्या परीक्षेत वारंवार विचारला जातो. तापमान, उघड्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, हवेतील आर्द्रता आणि वारा ही चार उत्तरे विद्यार्थी लिहितात आणि चार गुण घेऊन जातात. यातलाच एखादा विद्यार्थी पुढे स्थापत्य अभियंता होतो आणि त्याच्या हाती ‘भारतीय मानक ७८६१, भाग १’ ही पुस्तिका येते. उष्ण हवामानात काँक्रीटचे काम कसे करावे हे सांगणारी ही पुस्तिका त्या वेळच्या भारतीय मानक संस्थेने १९७५ साली प्रसिद्ध केली. (१९८७ पासून या संस्थेची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली.) उष्ण हवामानातील काँक्रीटकाम म्हणजे काय, याची व्याख्या तिच्यात दिली आहे. हवेचे तापमान ४० अंश सेल्सियसपेक्षा अधिक असताना केलेले काम, किंवा जागेवर ओतताना काँक्रीटचेच तापमान ४० अंशांच्या पुढे जाण्याची अपेक्षा असलेले काम, अशी ती आहे. आर्द्रता आणि वारा यांना या व्याख्येत जागा नाही. नववीतली चार उत्तरे अभियंत्याच्या टेबलावर येईपर्यंत एकावर येऊन थांबली!

कथा-कादंबऱ्यांची, नाटकांची समीक्षा आपल्याकडे भरपूर होते. मानकाची समीक्षा करावी असे कोणाला फारसे वाटत नाही. मानक हे वाचायचे नसून पाळायचे असते, असा आपला समज आहे. पण देशातल्या लक्षावधी स्लॅबांचे भवितव्य ज्या वाक्यांवर ठरते, ती वाक्ये कवितेइतकीच बारकाईने वाचायला हवीत. त्यातही व्याख्या अधिकच. गडबडीतला माणूस पुस्तिकेतून दुसरे काही वाचो न वाचो, व्याख्येतला आकडा लक्षात ठेवतो. “आज पारा अडतीसला आहे, म्हणजे विशेष काळजीचे कारण नाही,” असा निष्कर्ष त्यातूनच निघतो.

हा निष्कर्ष का चुकतो हे पाहण्याआधी एका मराठी क्रियापदाचा समाचार घेतला पाहिजे. “स्लॅब वाळला का?” असे आपण सहज विचारतो. कपडे वाळतात, धान्य वाळते, मातीची भिंत वाळून घट्ट होते. काँक्रीट मात्र वाळून घट्ट होत नाही. सिमेंटमधील कॅल्शियमची सिलिकेटे आणि अ‍ॅल्युमिनेटे पाण्याशी रासायनिक संयोग पावतात, आणि या जलसंयोगातून तयार होणारे अतिसूक्ष्म पदार्थ वाळू व खडीला एकत्र बांधतात. पाणी इथे नुसते कालवण्यापुरते नसते, ते अभिक्रियेतला एक घटकच असते. सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी रासायनिक बंधात अडकते, म्हणजे ५० किलोच्या एका गोणीमागे साडेअकरा लिटर. याखेरीज तयार होणाऱ्या पदार्थांच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी काही पाणी धरून ठेवले जाते. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होते. नदीच्या पात्रातले पुलांचे पाये असेच उभे राहिले. काँक्रीट खरोखरच वाळले, तर त्याची वाढ तिथेच थांबते. आपल्या भाषेतले क्रियापद आणि रसायनशास्त्र यांची दिशा अशी उलटी आहे. मे महिन्यात “ऊन चांगले आहे, लवकर वाळेल” असे समाधानाने म्हटले जाते, त्याचे मूळ मला या क्रियापदात दिसते.

आता व्याख्येकडे वळू. ओतलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावरून दर ताशी किती पाणी उडून जाते, याचा अंदाज बांधण्याची रीत मेन्झेल यांनी १९५४ साली दिली. त्यावर आधारलेला आलेख जगभर वापरला गेला. पुढे १९९८ मध्ये ऊनो यांनी गणकयंत्रावर सहज करता येईल असे सोपे सूत्र मांडले. त्यात चार राशी लागतात: काँक्रीटचे तापमान, हवेचे तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग. उत्तर दर चौरस मीटरला ताशी किती किलो पाणी गेले, या स्वरूपात मिळते. ताशी १ किलो ही धोक्याची रेषा मानण्याचा प्रघात आहे.

या सूत्रात मी तीन दिवस घालून पाहिले. पहिला विदर्भातला मे महिन्याचा दिवस. हवा ४२ अंश, काँक्रीटही ४२ अंश, आर्द्रता २५ टक्के, पण पान हलत नाही. वारा ताशी ३ किलोमीटर. उत्तर येते ०.७३ किलो. दुसरा दिवस सोलापूरकडचा, फेब्रुवारीच्या अखेरचा. हवा आणि काँक्रीट दोन्ही ३२ अंश, आर्द्रता तीच २५ टक्के, पण माळावरून ताशी २० किलोमीटर वेगाने वारा येतो आहे. उत्तर १.५९ किलो, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून जास्त. तिसरा दिवस मालवणचा. ३३ अंश, वारा तसाच ताशी २०, पण आर्द्रता ७० टक्के. उत्तर ०.६७ किलो.

मानकाच्या व्याख्येप्रमाणे या तिघांत उष्ण हवामान फक्त पहिल्या दिवशी आहे. धोक्याची रेषा मात्र फक्त दुसऱ्या दिवसाने ओलांडली, आणि त्या दिवशी अंगात स्वेटर नसला तरी कोणी उन्हाळा म्हणणार नाही. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवरून त्या दुपारी तासाला सुमारे १६० लिटर पाणी वाऱ्यावर जाते.

हे पाणी जाण्याची वेळही महत्त्वाची आहे. काँक्रीट ओतल्यावर जड खडी-वाळू थोडी खाली बसते आणि पाणी वर सुटते. वर सुटणाऱ्या पाण्यापेक्षा उडणारे पाणी जास्त झाले, की पृष्ठभागाच्या कणांमधले पाणी आक्रसू लागते आणि केशाकर्षणाने कणांना एकमेकांकडे ओढते. काँक्रीट अजून मऊ असते, ताण सोसण्याची ताकद त्यात आलेली नसते. मग भेगा पडतात, त्याही पहिल्या काही तासांतच. पुष्कळदा त्या एकमेकींना साधारण समांतर असतात, आणि काही तर स्लॅबच्या पूर्ण जाडीतून आरपार जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक हौसेने नारळ फोडून वाफे बांधतो आणि पाणी सोडतो, तोवर व्हायचे ते झालेले असते. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी सळईपर्यंत पोहोचते, आणि गंजलेली सळई फुगून काही वर्षांनी खालचा गिलावा पाडते. घराच्या मालकाला हे “सिमेंट भेसळीचे होते” असे वाटते. त्याने आयुष्यभराची शिल्लक त्या छतात घातलेली असते, म्हणून हा तपशील क्षुल्लक नाही.

मानकाच्या लेखकांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पुस्तिकेच्या आतल्या पानांत उष्णतेच्या परिणामांची जी यादी आहे, तिच्यात भेगा पडण्याची वाढती शक्यता आणि जलद बाष्पीभवन हे दोन्ही स्पष्ट नोंदलेले आहेत. आतला मजकूर जाणकार आहे, दारावरची पाटी अपुरी आहे, अशी माझी तक्रार आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ३०५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत पाटी वेगळी आहे. हवेचे चढे तापमान, काँक्रीटचे चढे तापमान, कमी आर्द्रता, वारा आणि सूर्याची प्रारणे यांचा काँक्रीटला बाधक ठरेल असा कोणताही मिलाफ म्हणजे उष्ण हवामान, असे तिथे म्हटले आहे. शास्त्रीयदृष्ट्या हे अधिक बरोबर आहे.

तरीही आपल्या मानकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. “कोणताही मिलाफ” या शब्दांवरून मुकादमाने काम थांबवायचे कसे? त्याच्याजवळ वायुवेगमापक नाही, आर्द्रतामापक नाही, असलाच तर एक तापमापक. आकडा असला की भांडता येते, बिल अडवता येते. करारात बसणारी व्याख्या आणि निसर्गात बसणारी व्याख्या यांत ही ओढाताण नेहमीच राहणार. यावर मार्ग नव्हता असे मात्र नाही. “४० अंशांच्या वर, किंवा हवा कोरडी असून धूळ उडण्याइतका वारा असेल तेव्हा” एवढी एक पुस्ती जोडली असती, तर उपकरणाविनाही काम भागले असते. धूळ कोणालाही दिसते.

शिवाय पहिला, बिनवाऱ्याचा ४२ अंशांचा दिवस निर्दोष ठरत नाही. तिथली अडचण कोरडेपणाची नसून निव्वळ उष्णतेची आहे. तापमान १० अंशांनी वाढले की जलसंयोगाचा वेग सुमारे दीडपट ते दुप्पट होतो. दोन तास हाताळता येणारे काँक्रीट तासाभरात आखडू लागते. मिक्सरपासून स्लॅबच्या दुसऱ्या टोकापर्यंत घमेली पोहोचेतो पहिला थर घट्ट होऊ लागतो, आणि नवा थर त्याच्याशी एकजीव होत नाही. या घाईत तयार झालेले काँक्रीट पहिल्या आठवड्यात थंड दिवसातल्या काँक्रीटपेक्षा मजबूत भरते, पण महिन्याभराने त्याच्या मागे पडते. व्हेर्बेक आणि हेल्मुथ यांनी १९६८ साली याचे पटणारे स्पष्टीकरण दिले. अभिक्रिया फार वेगाने झाली की तिच्यातून निघणारे पदार्थ दूर पसरण्याआधीच सिमेंटच्या कणाभोवती दाट कवच धरतात. आतले सिमेंट कोंडले जाते आणि कणांमधल्या जागा पोकळ राहतात. आपल्या मुलांना पाठांतराच्या वेगावर गुण देणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण ओळखीचे वाटेल.

थोडक्यात, उष्णता आणि कोरडेपणा हे दोन वेगळे शत्रू आहेत. कधी ते एकत्र येतात, कधी एकेकटे. तापमापकावर बेतलेली व्याख्या पहिल्याला पकडते आणि दुसऱ्याला सोडून देते.

आखडत चाललेले काँक्रीट पाहून कामावर जे केले जाते ते तर सर्वांत घातक. मिस्त्री पाइपने वरून पाणी घालतो, काँक्रीट पुन्हा मऊ होते आणि सगळे खूश होतात. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ताकद ठरते, हे डफ अब्रॅम्स यांनी शिकागोत १९१८ साली दाखवून दिले. त्यांच्या नियमाप्रमाणे हे प्रमाण ०.५ वरून ०.६ वर गेले की ताकद सुमारे पाव हिश्शाने उतरते. एका गोणीच्या घाण्यात हा फरक अवघ्या ५ लिटरचा, म्हणजे अर्ध्या बादलीचाही नाही. मिस्त्रीला दोष देणे सोपे आहे. पण गरम काँक्रीटला तितकेच मऊ राहायला जास्त पाणी लागते, ही त्याची अडचण खरी आहे. त्यावर योग्य उपाय दोनच. घट्ट होणे लांबवणारे किंवा पाणी न वाढवता मऊपणा देणारे रसायन वापरणे हा एक, आणि काँक्रीट मुळातच थंड तयार करणे हा दुसरा.

काँक्रीट थंड कसे करावे, हे सांगणारे प्रकरण मला या मानकातले सर्वांत चांगले वाटते, आणि शिक्षकांनी तर ते वर्गात न्यावे असे आहे. मिश्रणाचे तापमान काढण्याचे सूत्र तिथे आहे, आणि ते आपल्या ‘दिलेली उष्णता बरोबर घेतलेली उष्णता’ या नियमापलीकडे काही नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता १ धरली, तर सिमेंट, वाळू, खडी यांची सुमारे ०.२२. एक घनमीटर काँक्रीटसाठी सिमेंट ३५० किलो, वाळू-खडी मिळून १८५० किलो आणि पाणी १७५ किलो घेऊ. उन्हात पडलेली खडी ४२ अंशांवर, कारखान्यातून नुकतेच आलेले सिमेंट ६० अंशांवर, टाकीतले पाणी ३५ अंशांवर. मिश्रणाचे तापमान येते ४२.२ अंश.

आता विद्यार्थ्यांना विचारावे: एकच वस्तू थंड करता येणार असेल, तर कोणती कराल? बहुतेक जण ६० अंशांवरच्या सिमेंटकडे बोट दाखवतील. सिमेंट तब्बल २० अंशांनी थंड केले, तरी मिश्रण उतरते ३९.९ वर, म्हणजे जेमतेम सव्वादोन अंश. खडी-वाळूवर मांडव घालून, पाणी शिंपडून ती फक्त ८ अंशांनी थंड केली, तर मिश्रण ३७.३ वर येते. तिचे वजन प्रचंड असल्याचा हा परिणाम. (शिंपडलेल्या पाण्यापैकी खडीला चिकटून मिक्सरमध्ये गेलेले पाणी हिशेबातून वजा करायला विसरू नये.) पाणी १० अंशांपर्यंत गार केले तर ३५.६. आणि १७५ पैकी ६० किलो पाणी बर्फाच्या चुऱ्याच्या रूपात घातले, तर अप्रकट उष्म्याच्या कृपेने मिश्रण थेट ३१.८ अंशांवर! बर्फ मिक्सरमध्येच पूर्ण वितळला पाहिजे, नाहीतर मागे पोकळ्या राहतात. दुबईत बुर्ज खलिफाच्या बांधकामात उन्हाळ्यातले काँक्रीट बर्फ घालून आणि रात्री ओतले गेले, ते याच गणिताच्या आधाराने. कलोरीमापीच्या उदाहरणांत तांब्याचे भांडे आणि शिशाची गोळी किती दिवस चालवायची, असा प्रश्न ही आकडेमोड करताना मला पडला.

गावात बर्फाचा चुरा कोण देणार, हे खरे आहे. पण खडीवर सावली, पाण्याच्या टाकीला ओले गोणपाट, सेंट्रिंगच्या पत्र्यांवर आधी पाण्याचा फवारा आणि वाऱ्याच्या बाजूला कनात, हे फुकटात किंवा किरकोळ खर्चात होते. दुसऱ्या दिवसाच्या उदाहरणात वारा २० वरून ५ किलोमीटरवर आणला, तर ताशी १.५९ किलोचे ०.६० किलो होतात. एका कनातीने रेषा पुन्हा सुरक्षित बाजूला येते. स्लॅब पहाटे सुरू करावा असा रूढ सल्ला आहे. त्याने मजुरांना आराम मिळतो, पण पहाटे ओतलेल्या काँक्रीटच्या स्वतःच्या उष्णतेचा जोर दुपारच्या उन्हाशी जुळतो. उन्हे कलल्यावर सुरू केलेले काम रसायनशास्त्राला अधिक मानवते. पुरेसा उजेड आणि रात्रपाळीची मजुरी यांची सोय मात्र हवी.

क्युरिंगच्या, म्हणजे पाणी मारण्याच्या बाबतीत दुसरे एक मानक पाहावे लागते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅशसारखे पदार्थ मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलावा सांगितला आहे; हवामान ‘कोरडे आणि उष्ण’ असेल तर अनुक्रमे १० आणि १४ दिवस. इथे ‘कोरडे’ हा शब्द आला, याची नोंद समीक्षकाने घेतलीच पाहिजे. पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या वाक्यात नववीचे दुसरे उत्तर परत आले, मात्र कोणत्याही आकड्याशिवाय.

खेड्यापाड्यांतल्या घरांसाठी आज बहुतेक वेळा मिश्र सिमेंटच मिळते, म्हणजे १४ दिवस. पन्नास चौरस मीटरच्या स्लॅबवर वाफे करून पाणी साठवले आणि मे महिन्यात त्यातले रोज एक सेंटिमीटर उंचीचे पाणी उडाले असे धरले, तर दिवसाला ५०० लिटर झाले. १४ दिवसांत निव्वळ हवेत जाणारे पाणी ७००० लिटर. जालना किंवा बीड जिल्ह्यातल्या टँकरच्या गावात हे पाणी कोणाच्या तोंडचे काढायचे? शेतीची कामे नसतात म्हणून घर मे महिन्यात बांधायचे, आणि पाणी नसते तेही नेमके मे महिन्यात. परिणामी तीन-चार दिवस पाणी मारून लोक थांबतात. त्यांना १४ दिवसांचा नियम ऐकवण्यात अर्थ नाही. मानकाची मागणी पृष्ठभाग सतत ओलसर ठेवण्याची आहे, तळे करण्याची नाही. ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट अंथरून कडा विटांनी दाबल्या, तर उडणारे पाणी कागदाच्या आतच थांबते आणि रोज ५०० लिटरऐवजी काही बादल्यांत भागते. सरकारी घरकुलांच्या माहितीपत्रकांत “भरपूर पाणी मारावे” असे लिहिण्यापेक्षा हे चित्र छापले, तर त्याचा अधिक उपयोग होईल.

शाळेत करून पाहण्यासारखा प्रयोग सांगतो. ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद असे दोन उथळ ट्रे घ्यावेत. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू यांचा नेहमीसारखा ओला मसाला कालवून दोन्हींत दोन-दोन सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. हातात रबरी मोजे हवेतच, कारण ओले सिमेंट अल्कधर्मी असते आणि कातडी पोळते. एक ट्रे टेबलपंख्यासमोर ठेवावा, दुसरा त्याच खोलीत प्लॅस्टिकच्या कागदाखाली. म्हणजे तापमान दोघांना सारखेच. दर अर्ध्या तासाने दोन्ही ट्रे स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून वजन फळ्यावर मांडावे, आणि भिंगाने पृष्ठभाग पाहून भेगा दिसल्या तर वेळेसह लिहाव्यात. ट्रेचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर आहे, तेव्हा ताशी १ किलोची रेषा इथे ताशी ६० ग्रॅम होते. पंख्यासमोरच्या ट्रेचा आकडा या साठाला किती जवळ जातो हे मुलांनी काढावे, आणि त्या वेळी भिंतीवरचे तापमापक किती अंश दाखवत होते तेही शेजारच्या रकान्यात लिहावे.